ड्रायव्हिंगची परीक्षा एका दिवसाची

पुढे-मागे लाल रंगातलं 'एल' लावून, शेजारी शिकवणाऱ्याला बसवून, रस्त्याच्या कडेकडेने वीसच्या वेगाने चाललेली गाडी दिसली की मागचे लोक हॉर्न वाजवून त्या बिचाऱ्याला हैराण करतात. खरं तर रस्त्यावरच्या सगळ्या चालकांमध्ये अपघाताचा धोका ज्यांना सर्वांत कमी असतो, त्यांत हा शिकाऊ माणूस मोडतो. धोका वाढतो तो पुढे. पक्कं लायसन्स हातात पडतं, शेजारची जागा रिकामी होते आणि तोच माणूस काही दिवसांत रस्त्यावरचा सर्वांत धोकादायक चालक होतो. ज्या देशांत नवीन चालकांच्या अपघातांची वर्षानुवर्षं नीट नोंद ठेवली गेली, तिथे सगळीकडे हा आलेख सारखाच दिसतो. शिकताना अगदी खाली, एकट्याने चालवायला लागल्यावर एकदम वर, पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने उतरता आणि नंतर काही वर्षं हळूहळू उतरत जाणारा.

मी सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करतो. लायसन्सशी आमचा संबंध दोन टोकांना येतो. एक टोक रात्रीच्या कॅज्युअल्टीत. तिथे येणारी मुलं बहुतेक अठरा ते पंचवीसच्या आतली, लायसन्स असलं तर ताजं आणि नसलंही तर नवल नाही. दुसरं टोक सकाळच्या ओपीडीत. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला लायसन्ससाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, त्याला फॉर्म १-अ म्हणतात, आणि त्यावर सही घ्यायला लोक येतात. दोन्ही टोकांना एकच गोष्ट खटकते. परीक्षा होते एका दिवशी. गाडी चालवणारे डोळे, मेंदू आणि हात-पाय मात्र त्या दिवशी जसे असतात तसे राहत नाहीत. सुरुवातीची काही वर्षं ते घडत असतात, पुढे कधीतरी उतरणीला लागतात. ही साधी गोष्ट कोणत्या देशाने लायसन्सच्या नियमांत किती धरली, हे पाहण्यासारखं आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली होती आणि ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. कुठल्याही साथीच्या रोगाने एवढी कमावती माणसं दरवर्षी नेली असती तर आम्हा डॉक्टरांना झोपू दिलं नसतं.

आता गाडी शिकताना शरीरात काय होतं ते पाहू. पहिल्या आठवड्यात क्लच, गिअर, ब्रेक, आरसा, सगळ्यांकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावं लागतं. आपल्या मेंदूत एका वेळी हाताळता येईल अशा माहितीची जागा फार थोडी असते. म्हणून नवशिका गिअर टाकताना बोलायचं थांबतो, काही जण तर श्वासही रोखून धरतात. सराव होतो तसं हे काम लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींसारख्या भागांकडे जातं आणि ते न विचार करता व्हायला लागतं. सायकल चालवणं किंवा पोळी लाटणं जसं अंगवळणी पडतं तसंच. हात-पायांचा हा भाग तुलनेने लवकर, काही आठवड्यांत जमतो. आणि जमला की माणसाला वाटतं, आपल्याला गाडी आली.

डोळ्यांचं शिक्षण मात्र त्या मानाने फार संथ चालतं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मूरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी नवीन आणि मुरलेल्या चालकांची नजर गाडी चालवताना कुठे कुठे जाते हे उपकरण लावून नोंदवलं. नवशिक्यांची नजर गाडीच्या अगदी पुढ्यातल्या रस्त्यावर खिळलेली होती आणि आरशाकडे ती क्वचितच वळत होती. मुरलेले चालक लांबवर बघत होते आणि त्यांची नजर डावीकडून उजवीकडे फिरत राहत होती. पुढे अनेकांच्या अभ्यासांत हेच दिसलं. उभ्या रिक्षाच्या मागून पोरगं धावत येऊ शकतं, थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार आहे, समोरच्या बाईकवाल्याने मान वळवली म्हणजे तो आता वळणार, हे सगळं मुरलेल्या चालकाला घडायच्या आधी 'दिसतं'. त्याची दृष्टी नवशिक्यापेक्षा तीक्ष्ण नसते, बहुधा मंदच असते. कुठे बघायचं ते त्याच्या मेंदूला ठाऊक झालेलं असतं, आणि ते हजारो किलोमीटर गेल्याशिवाय होत नाही.

हे महत्त्वाचं का, ते थोड्या हिशोबाने कळेल. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. अनपेक्षित काही समोर आलं तर ते ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागायचाच असतो. ताशी १०० च्या वेगाने हेच अंतर ४० मीटरच्या वर जातं. एक सेकंद आधी ओळखणारा माणूस वाचतो आणि वाचवतो.

आपल्याकडची परीक्षा यातलं काय तपासते? लर्निंग लायसन्ससाठी चिन्हं आणि नियम यांवरची संगणकावरची चाचणी. ती आता महाराष्ट्रात घरबसल्याही देता येते. मग किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी. दुचाकीला आठचा आकडा, चारचाकीला वळणं, चढ आणि रिव्हर्स. पुण्यात भोसरीला खास आखलेला चाचणी मार्ग आहे, काही ठिकाणी सेन्सर आणि कॅमेरे आले आहेत, आणि जिथे ही यंत्रणा नीट चालते तिथे वशिल्याने पास होणं अवघड झालंय हे खरंच. पण आठ काढणं ही हात-पायांची परीक्षा आहे. रिकाम्या मार्गावर रिक्षामागून पोरगं धावत येत नाही.

ब्रिटनमध्ये लायसन्ससाठी परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून. लेखी परीक्षा वेगळी झाली १९९६ मध्ये. आणि २००२ मध्ये त्यांनी एक नवा भाग जोडला, तो मला फार आवडतो. उमेदवाराला रस्त्याच्या १४ छोट्या चित्रफिती दाखवतात. त्यांत कुठेतरी धोका तयार होऊ लागतो. कडेला उभ्या गाडीचं दार उघडायला लागतं किंवा चेंडू रस्त्यावर येतो. तो दिसताक्षणी बटण दाबायचं. जितक्या लवकर ओळखाल तितके जास्त गुण, उशीर झाला तर शून्य, आणि उगाच सतत बटण दाबत राहिलात तर त्या चित्रफितीचे गुण गेले. एकूण ७५ पैकी ४४ हवेत. म्हणजे डोळ्यांच्या त्या संथ शिक्षणाची निदान दखल तरी घेतली गेली.

प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी तिथे साधारण ४० मिनिटांची, भर रहदारीत. एक गंभीर चूक झाली की नापास. पास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या जरा खालीच असतं. काही ठरावीक देशांची लायसन्स ब्रिटनमध्ये बदलून मिळतात, त्या यादीत भारत नाही. आपल्या लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून वर्षभर चालवता येतं, नंतर परीक्षा द्यावीच लागते. माझा एक भाचा पुण्यात बारा वर्षं गाडी चालवून तिकडे नोकरीला गेला आणि दोनदा नापास झाला. पहिल्यांदा आरसा न पाहता लेन बदलली म्हणून. दुसऱ्यांदा एक बाई झेब्रा क्रॉसिंगकडे चालत येत होती, अजून फुटपाथवरच होती, आणि याने वेग कमी केला नाही म्हणून. फोनवर तो वैतागून म्हणाला, "मामा, ती रस्त्यावर उतरलीच नव्हती!" परीक्षकाचं म्हणणं नेमकं तेच होतं, ती उतरणार आहे हे तुला आधी दिसायला हवं होतं.

जर्मनीत गाडी शिकणं हे महिन्याच्या पगाराएवढं, कधी त्याहून मोठं काम आहे. मान्यताप्राप्त शाळेतूनच शिकावं लागतं. नव्वद मिनिटांचे १४ वर्ग, आणि गाडी हातात बसल्यावर १२ विशेष तास. पाच शहराबाहेरच्या रस्त्यांवर, चार त्यांच्या ऑटोबानवर आणि तीन अंधारात. हा अंधाराचा भाग लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येणार आहोत. सगळं धरून खर्च अडीच-तीन हजार युरो सहज होतो, त्यामुळे तरुण मंडळी कुरकुरतात. डॉक्टर म्हणून मला हेवा वाटतो तो तिथल्या आणखी एका अटीचा. लायसन्स हवं तर आधी प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग करावा लागतो. त्या देशात गाडी चालवणाऱ्या जवळपास प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं आणि छाती कशी दाबायची हे पुतळ्यावर करून पाहिलेलं असतं.

आपल्याकडे अपघातानंतर होणारी मदत मी रोज पाहतो. मदतीला धावणारे कमी नसतात, माणुसकीचा तुटवडा मला तरी कधी दिसला नाही. पण जखमीला चौघं मिळून हात-पाय धरून उचलतात, मान लोंबकळते, रिक्षात कोंबतात, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततात. ते पाणी श्वासनलिकेत जातं. मानेच्या मणक्याला धक्का बसलेला असेल तर त्या उचलण्याने कायमचं अपंगत्व येऊ शकतं. १०८ ला फोन करा. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दाबून धरा, सारखं उचलून पाहू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. पाणी, चहा काहीही देऊ नका. एवढं ठाऊक असलेला एक माणूस तिथे असला तरी पुष्कळ फरक पडतो. पोलिसांच्या कटकटीची भीतीही आता बाळगायला नको. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलमच आलं आहे, नाव-गाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की अधिक तास शिकवलं, अवघड परीक्षा घेतली की झालं. तसं नाही, आणि या विषयातला माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत सत्तरच्या दशकाअखेरीस एक मोठा प्रयोग झाला. शाळकरी वयातल्या सुमारे १६ हजार मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट केले, नव्या औषधाच्या चाचणीत करतो तसे. काहींना शाळेत उत्तम, सविस्तर ड्रायव्हिंग शिक्षण, काहींना जुजबी, काहींना शाळेत काहीच नाही. अपेक्षा होती की पहिल्या गटाचे अपघात बरेच कमी होतील. टिकाऊ असा फायदा काही दिसला नाही. ज्यांना शाळेत शिकवलं त्यांनी लायसन्सही लवकर काढलं, म्हणजे कमी वयात ते रस्त्यावर आले आणि शिक्षणाचा जो काही लाभ होता तो तिथे खर्ची पडला.

नॉर्वेने एक वेगळं करून पाहिलं. बर्फावर गाडी घसरते, म्हणून नवीन चालकांना घसरणाऱ्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात त्यानंतर उलट वाढले. गाडी सावरता येते म्हटल्यावर ती जोरात पळवायचं धाडस वाढलं. पोहायला शिकलेला मुलगाच धरणात उडी मारतो, हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगेल.

मग काय उपयोगी पडतं? याचं उत्तर न्यूझीलंडने १९८७ मध्ये आधी अमलात आणलं. लायसन्स एका फटक्यात द्यायचंच नाही, टप्प्याटप्प्याने द्यायचं. पहिला टप्पा शिकाऊ, अनुभवी माणूस शेजारी हवाच. दुसरा टप्पा मर्यादित लायसन्सचा. एकट्याने चालवा, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळात नाही, आणि अनुभवी माणूस सोबत नसेल तर मित्रमंडळींना गाडीत बसवायचं नाही. हा काळ नीट पार पडला की मग पूर्ण लायसन्स. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांच्या आतल्या शिकाऊ चालकाला १२० तास गाडी चालवल्याची नोंदवही भरावी लागते, त्यांतले २० तास रात्रीचे. त्यानंतरही काही वर्षं गाडीवर आधी लाल आणि मग हिरवी 'पी' ही पाटी. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी विशीच्या आतल्या चालकांसाठी कमी-अधिक प्रमाणात ही पद्धत उचलली, आणि जिथे ती कडक आहे तिथे त्या वयातले अपघात कमी झाले.

रात्र आणि मित्र, याच दोन गोष्टींवर बंधन का? रात्रीचं कारण उघड आहे. नवशिक्याची नजर आधीच जवळ खिळलेली असते, त्यात अंधारात हेडलाइटच्या पलीकडचं काही दिसत नाही, आणि झोपेची वेळ. म्हणूनच जर्मनीत अंधारातले तास वेगळे ठेवले आहेत. मित्रांचं कारण मेंदूत आहे. कपाळामागचा जो भाग परिणामांचा विचार करून आवर घालतो, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपास जावं लागतं. मजा, बक्षीस, वाहवा यांनी उत्तेजित होणारे भाग मात्र त्याआधीच जोरात असतात. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी किशोरांना, विशीच्या आसपासच्या तरुणांना आणि प्रौढांना संगणकावर गाडीचा खेळ खेळायला दिला. सिग्नल पिवळा झाला, आता थांबायचं की दामटायचं? एकट्याने खेळताना तिन्ही गट साधारण सारखंच खेळले. मित्र बघत उभे राहिल्यावर किशोरांनी भरपूर जास्त धोका पत्करला, तरुणांनी काहीसा, प्रौढांवर परिणाम झाला नाही. तेव्हा 'आमचा मुलगा फार समजूतदार आहे' हे आई-वडिलांचं म्हणणं खरंच असतं. ते त्याला घरात, एकट्याला पाहतात.

आपल्या कायद्यात अशा मधल्या टप्प्याची जागा नाही. अठरा वर्षं पूर्ण, तीस दिवसांपूर्वीचं लर्निंग लायसन्स, आठचा आकडा नीट काढला, की त्याच रात्री बारा वाजता चार मित्रांना घेऊन द्रुतगती मार्गावर गाडी काढायला कायद्याची आडकाठी नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं, पण आज शोरूममध्ये दिसणाऱ्या स्कूटर ११०-१२५ सीसीच्या. कायद्याने दिलेली गाडी बाजारात जवळपास नाही, आणि बाजारातली गाडी कायद्यात बसत नाही, तरी क्लासच्या बाहेर ती रांगेने उभी असते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ पासून पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर्षभरासाठी गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. शिक्षा कडक आहे. पण मुलगा अठराचा झाला की त्याच्यासाठी पुढे काहीच आखलेलं नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. न्यूझीलंडची पद्धत घरातल्या घरात लावायला आरटीओची परवानगी लागत नाही. लायसन्स मिळाल्यावर पहिले सहा महिने गाडी दिवसाउजेडी. रात्री हवी तर घरातलं मोठं माणूस शेजारी. मित्रांना घेऊन नाही. पावसातली, घाटातली, हायवेची पहिली फेरी सोबतीने. दुचाकीला पहिले सहा महिने मागे कोणी बसवायचं नाही, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हे वेगळं सांगायला नको. मुलांशी वाद होतील, पण अटीला शेवटची तारीख असली की मुलं ती मान्य करतात. 'कधीच नाही' म्हटलं की चोरून होतं.

आता दुसरं टोक. आपल्याकडे लायसन्सबरोबर फॉर्म १ भरावा लागतो, प्रकृतीचं स्वतः दिलेलं प्रतिज्ञापत्र. त्यात फिट येते का किंवा अचानक शुद्ध हरपते का, २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. बहुतेक जण सगळ्या रकान्यांत मुकाट्याने 'योग्य' उत्तरं भरतात. यात फिटच्या रुग्णांची अडचण खरी आहे. एकदा 'होय' लिहिलं की वाट बंद, कारण शेवटची फिट कधी आली होती हे विचारायला रकानाच नाही. गेली आठ वर्षं गोळ्या नियमित घेऊन एकही फिट न आलेला तरुण आणि गेल्या महिन्यात दोनदा आलेला, दोघे एकाच मापाने मोजले जातात. परिणाम असा की दोघेही लपवतात. आणि लपवायचं म्हटलं की गोळ्याही लपवून, कधी घ्यायच्या कधी नाही, असं सुरू होतं. ब्रिटनमध्ये खासगी कारसाठी साधारण नियम आहे की वर्षभर फिट आलेली नसावी. बस-ट्रकसाठी हीच मुदत दहा वर्षांची, तीही औषधाशिवाय. अमेरिकेतल्या राज्यांत कारसाठी तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वेगवेगळे नियम आहेत. खरं सांगितलं तर ठरावीक काळाने लायसन्स परत मिळतं, हे ठाऊक असलं की माणूस खरं सांगतो. वर्णांधतेच्या बाबतीत आपल्याकडे २०२० मध्ये असा शहाणपणाचा बदल झाला, सौम्य आणि मध्यम वर्णांधता असणाऱ्यांना लायसन्सचा मार्ग मोकळा झाला. फिटच्या बाबतीतही व्हायला हवा.

मधुमेहाचंही सांगायला हवं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक उतरली तर तो दारू प्यायल्यासारखा वागतो. गाडी डिव्हायडरवर चढते आणि जमाव त्याला मारायला धावतो. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवरच्या चालकाने गाडी सुरू करण्याआधी दोन तासांच्या आत आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासावी असा नियम आहे, आणि ९० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन मगच निघावं असं सांगितलं जातं. आपल्याकडे हे कायद्यात नसलं तरी माझ्या रुग्णांना मी हेच सांगतो. गाडीत ग्लुकोजची पूड किंवा साखरेची पुडी हाताला लागेल अशी ठेवा. डिकीत नको.

फॉर्म १-अ ची गोष्ट निराळी. तो डॉक्टरने तपासून द्यायचा असतो. माणसाला न पाहता सही-शिक्का देणारे भेटतात, ही आमच्याच व्यवसायाला लागलेली कीड आहे. त्यामुळे जिथे खरंच तपासतात तिथे लोकांना अपमान वाटतो. "डॉक्टर, चाळीस वर्षं ट्रक चालवला, एक ओरखडा नाही. तपासायचं काय त्यात?" असं एक गृहस्थ मला तावातावाने म्हणाले. "काका, जरा उजवा डोळा झाका," म्हटलं. डाव्या डोळ्याने त्यांना तक्त्यावरची वरची दोन अक्षरं कशीबशी दिसली. मोतीबिंदू पिकला होता आणि उजवा डोळा सगळं सांभाळून घेत होता. शस्त्रक्रिया झाली, दोन महिन्यांनी आले, प्रमाणपत्र घेऊन गेले. काचबिंदू मात्र याहून फसवा. समोरचा तक्ता शेवटपर्यंत नीट वाचता येतो आणि बाजूची नजर चोरपावलांनी जात राहते. डावीकडून येणारी सायकल त्या माणसासाठी अस्तित्वातच नसते. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि बाजूची नजर तपासून घ्या असं आम्ही सांगतो ते यासाठीही.

वयाचा प्रश्न सर्वांत धीटपणे हाताळला तो जपानने, कारण त्यांना पर्याय नव्हता. २०१९ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या गृहस्थांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि रस्ता ओलांडणारी एक तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेली. ब्रेक लागलाच नाही असं ते म्हणत राहिले. न्यायालयाने ते मानलं नाही आणि पाच वर्षांची शिक्षा दिली. देश हादरला. त्या एका वर्षात सुमारे ६ लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केली. तिथे ७५ नंतर नूतनीकरणाच्या वेळी स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते. आजची तारीख, वार, वेळ सांगा, १६ चित्रं दाखवली ती थोड्या वेळाने आठवून लिहा. आणि २०२२ पासून ७५ च्या पुढच्या ज्या चालकांनी नियमभंग केलेले आहेत त्यांना गाडी चालवूनही दाखवावी लागते.

आपल्याकडे २०१९ नंतर पंचावन्नच्या पुढे काढलेलं लायसन्स पाच वर्षांचंच असतं, म्हणजे तपासण्याची संधी कागदावर आहे. घरात मात्र हा विषय काढणं अवघड जातं. वडिलांच्या हातून किल्ली काढून घेणं म्हणजे त्यांचं घरातलं स्थान काढून घेणं, असं दोघांनाही वाटतं. मी सांगतो, सगळं एकदम सोडायला लावू नका. आधी रात्रीचं सोडा, मग हायवे, मग पावसाळ्यातलं. सकाळी मंडईपर्यंतची ओळखीच्या रस्त्याची फेरी सगळ्यांत शेवटी. गाडीवर नवे ओरखडे कुठून आले ते आठवत नसेल, रोजचा रस्ता चुकला असेल, झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी नव्याने सुरू झाली असेल, तर मात्र थांबा आणि तपासून घ्या.

फॉर्म १ मधला नंबर प्लेटचा प्रश्न कोणालाही घरी सोडवता येतो. सोसायटीच्या आवारात, भर उजेडात, उभ्या गाडीपासून मोजून ३५ पावलं मागे जा. २५ मीटर साधारण तेवढे होतात. चष्मा असेल तर लावा. एक डोळा हाताने झाका, दाबू नका, आणि नंबर वाचा. मग दुसऱ्या गाडीचा नंबर दुसऱ्या डोळ्याने वाचा, पहिला पाठ झालेला असतो. एखादं अक्षरही अंदाजाने सांगावं लागलं तर गाडी तिथेच ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे रिक्षाने जा.